यांजिनमावशीच्या दोन बॅटऱ्या

यांजिनमावशीला मी पहिल्यांदा पाहिलं ते जिगजिदच्या दुकानात. जिगजिद गावात मोबाइल दुरुस्त करतो, टीव्ही दुरुस्त करतो आणि कुणी विचारलं नाही तरी सल्ला देतो. मी शाळेत साहित्य शिकवायला नुकताच आलो होतो. माझ्या फोनची काच फुटली होती. मावशी काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी होती. अंगात मेंढीच्या कातड्याचा अंगरखा, डोक्यावर कोल्ह्याच्या केसांची टोपी. ती फार मोठ्यानं बोलत होती.

"दोन्ही जोडायच्यात मला. जुनी आणि नवी."

"नाही जोडायच्या," जिगजिद म्हणाला.

"का?"

"एक शिशाची, एक लिथियमची. दोघींचा स्वभाव वेगळा, मावशी. भरायची रीत वेगळी, रिकामी व्हायची रीत वेगळी. म्हाताऱ्याचं आणि कोवळ्या पोरीचं लग्न लावतं का कुणी?"

"तुझ्या काकानं लावलं की. स्वतःचंच."

दुकानातले सगळे हसले. जिगजिदही हसला. मग मान हलवून म्हणाला, "जोड बाई. पेटला तुझा गेर तर मला बोल लावू नकोस."

तिला घेऊन आलेली शेजाऱ्याची गाडी तोवर निघून गेली होती. माझ्याकडे वडिलांची जुनी रशियन जीप होती. मी म्हटलं, सोडतो. ती म्हणाली, "मास्तर ना तू? मास्तरांना रस्ता कळत नाही. मी सांगते तसं चालव."

अशी आमची ओळख झाली.

तिचा हिवाळी तळ खिंडीच्या पलीकडे होता. खडकाच्या आडोशाला एकच गेर, म्हणजे लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू, मागे दगडी गोठा, शेणींची रास. पूर्वी तिथे चार घरांचे गेर लागायचे. एक कुटुंब शहरात गेलं, एक खाणीवर. तिसऱ्या घरातली माणसं वारली. मागच्या हिवाळ्यापासून मावशी एकटी. सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे डोंगरापलीकडचा बातखुयाग. त्याचा धूर निरभ्र दिवशी दिसतो.

मुलगी राजधानीत, उलानबातरला. तुंगा तिचं नाव. दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, नवरा खाणीवर पाळीपाळीनं जातो, दोन मुलं आहेत. वडील गेले तेव्हा ती आली होती. त्यानंतर आली नव्हती. पण शरद ऋतूत तिनं आईसाठी सौरपट्टी पाठवली आणि एक लिथियमची बॅटरी. हलकी, पांढरी, देखणी. मेजावरचा फोन त्यावर चालायचा. साध्या मोबाइलला तिथे रेंज मिळत नाही. खांबावर अँटेना लावलेला हा फोनच काय तो लागतो, आणि त्याला सतत वीज लागते.

पहिली कडक थंडी पडली आणि फोन बंद पडला. मावशी दिवसभर मेंढ्यांमागे असायची, चूल विझलेली असायची, गेरच्या आत पाणी गोठायचं. बाहेर ऊन लख्ख, पट्टी वीज देतेय, पण लिथियम ती घेत नव्हती. शून्याखाली गेली की तिच्या आतलं सर्किट दार लावून घेतं. असलेली वीज देते, नवी घेत नाही. काही दिवसांत ती संपली. तुंगानं शहरातून सगळ्यांना फोन केले. अखेर शेजारचा बातखुयाग घोड्यावरून बघायला आला. मावशी गोठ्यात शेण उचलत होती.

फोन पुन्हा चालू झाला तेव्हा तुंगा म्हणाली, "आई, शेवटचं सांगते. पुन्हा एकदा फोन लागला नाही, तर मी गाडी घेऊन येईन आणि तुला इकडे घेऊन येईन. मेंढ्या विकून टाकू. मला हे रोज सहन होत नाही."

हे मावशीनं मला जीपमध्ये सांगितलं. मी विचारलं, "मग? शहरात जायचं नाही तुम्हाला?"

"तिसऱ्या मजल्यावर? चूल भिंतीत, आकाश खिडकीत. मी काय करू तिथे?" थोड्या वेळानं ती म्हणाली, "ती यावी असं वाटतं. मी जावं असं नाही वाटत."

म्हणून तिला दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या होत्या. जुनी बॅटरी नवऱ्याच्या, ओसोरच्या, ट्रकची. ट्रक विकला, पण बॅटरी तिनं ठेवून घेतली होती. शिशाची, काळी, दोन हातांनी उचलावी लागते अशी. तिला थंडीत भरता येतं, फक्त हळूहळू.

मला वाटलं होतं, तारेला तार लावायची आणि झालं. गेरमध्ये पोचल्यावर मावशीनं मला स्टुलावर बसवलं आणि चहा दिला. मग पेटीतून ट्रकच्या हेडलाइटचा बल्ब काढला आणि एक मोठा पितळी खटका, हातभर दांड्याचा.

"हा कुठला?"

"डिझेलघरातला. बंद झालं तेव्हा मी खिशात घालून आणला." तो खटका कुणाच्याही खिशात मावला नसता.

गावात वीजवाहिनी यायच्या आधी डिझेलघर होतं, हे मला ठाऊक होतं. ते मावशी चालवायची हे ठाऊक नव्हतं. अठरा वर्षांची असताना लागली आणि वाहिनी आली त्या वर्षी सुटली. दोन इंजिनं होती. हिवाळ्यात एकाला गाव पेलायचं नाही, दोन्ही जोडावी लागायची. दोन्ही एका लयीत नसताना जोडली तर पट्टे तुटायचे, एकदा एका माणसाचा हात गेला होता. म्हणून मध्ये दिवे लावलेले असत. दोन इंजिनांत फरक असेल तोवर दिवे पेटत, विझत, पेटत. फरक कमी होत गेला की ती उघडझाप मंदावायची. दिवे पूर्ण विझले की त्या क्षणी खटका ओढायचा.

"लोक म्हणायचे, दिवा लागला की काम झालं. माझं काम दिवा विझला की व्हायचं," ती म्हणाली. "गावात सिनेमा यायचा. माझ्या विजेवर चालायचा. मी एकही पाहिला नाही. इंजिनाजवळ बसून बसून कान गेले. आता तू बोलतोस ते निम्मं कळतं. निम्मं पुरतं."

बॅटऱ्यांना लय नसते. पण दोघींच्या विजेच्या दाबात फरक असतो. एकदम जोडल्या तर एकीतून दुसरीत लोंढा जातो, तारा तापतात. जिगजिदचं भय खरं होतं. मावशीनं दोघींच्या मध्ये हेडलाइटचा बल्ब घातला. तो पेटला. पिवळा, चांगला जोरात. आम्ही दोघं बघत बसलो. तरुण बॅटरीतून म्हातारीत वीज जात होती, सावकाश, बल्बातून गाळून. बल्ब लाल झाला. मावशी गुणगुणू लागली. "तोइग, तोइग, तोइग."

मला हसू आलं. मेंढी पोरक्या कोकराला थारा देत नाही, लाथाडते, तेव्हा तिच्यासमोर बसून गातात ते हे गाणं. गाता गाता मेंढीच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ती कोकराला जवळ घेते. विद्यापीठात आम्ही यावर निबंध लिहिले होते.

"हसतोस काय? दोन परक्यांना जवळ आणायचं तर हेच गातात. तुमच्या पुस्तकात दुसरं काही असलं तर तू गा."

मी गायलो नाही. बल्ब विझला. मावशीनं दोन श्वास थांबून खटका ओढला. काहीही झालं नाही. हेच हवं होतं.

त्यानंतर तिचा दिवस त्या खटक्याभोवती फिरू लागला. सकाळी पट्टीवरची वीज फक्त म्हातारीला. दुपारी मेंढ्या परत आल्या की चूल पेटवायची, गेर उबदार करायचा. तरुण बॅटरीला गाल लावून बघायचा. गार लागली तर थांबायचं. उबदार झाली की बल्ब लावायचा, तो विझेपर्यंत बसायचं, मग दोघींना एकत्र उन्हावर सोडायचं. अंधार पडायच्या आधी पुन्हा वेगळं करायचं. संध्याकाळचा दिवा आणि टीव्ही पोरीवर. फोन म्हातारीवर.

"म्हातारीवर जास्त ओझं का नाही टाकायचं?" मी विचारलं होतं.

"म्हातारी भरलेली असली तर कितीही थंडीत टिकते. रिकामी झाली की गोठते आणि फुटते. उपाशी ठेवायची नाही तिला. पोर उपाशी राहिली तरी गप्प बसते, उन्हाळा आला की पुन्हा खाते."

एक चूक तिनं केली. सर्वांत कडक थंडीच्या दिवसांत म्हातारी ढेपाळू लागली, तेव्हा मावशीनं तिला पाहुण्यांच्या बाजूला, देवाजवळच्या रंगीत पेटीत ठेवलं आणि ओसोरच्या अंगरख्यात गुंडाळलं. घरातली मोठी माणसं अशीच ठेवतात, मानाच्या जागी आणि उबेत. मी एका रविवारी गेलो तर गेरमध्ये तिखट वास होता, डोळे चुरचुरत होते. पेटी उघडली. शिशाच्या बॅटरीतून आम्लाची वाफ येते, तिला मोकळी हवा लागते. अंगरख्याचं अस्तर जागोजागी विरलं होतं. बोट लावलं तिथे भोक पडलं.

मावशीनं तो बाहेर नेला आणि झटकला. कापडाचे तुकडे बर्फावर पडले.

"ओसोर सिगारेटनं भोकं पाडायचाच," ती म्हणाली. "राहिलेली या म्हातारीनं पाडली."

तिनं तो अंगरखा घातला. त्या हिवाळ्यात तोच घालायची. म्हातारीला दाराजवळ आणून ठेवलं, खाली नमद्याचा तुकडा घालून. नवी जन्मलेली कोकरं तिथेच ठेवतात.

फोन त्यानंतर एकदाही बंद पडला नाही.

सुरुवातीला तुंगा रोज फोन करायची. थंडी किती आहे, काय खाल्लंस, लांडगे आले का. मी तिथे असलो तर मावशी फोन माझ्या कानाला लावायची. "बोल मास्तरांशी. शिकलेला माणूस आहे, लग्न झालेलं नाही." तुंगा हसायची. मग फोन दोन दिवसांनी येऊ लागला. मग रविवारी. मग बोलणं तुटक झालं. "लागला ना, बस. ठेवते, रुग्ण आलाय."

पुढे तुंगानं एक सोय काढली. सकाळी कामावर जाताना ती फोन लावायची, दोनदा वाजू द्यायची आणि कापायची. मावशीनं उचलायचं नाही. वाजला याचा अर्थ सगळं ठीक. मिस्ड कॉलला पैसेही पडत नाहीत आणि वेळही जात नाही.

मावशी मेंढ्या सोडायच्या आधी फोनजवळ बसून राहायची. तो वाजायचा. दोनदा. ती हात मांडीवर ठेवायची.

"वाजला," ती मला म्हणायची.

"तुम्ही नसतात तरी वाजला असता," मी एकदा म्हणून गेलो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग? बॅटरी आहे म्हणजे आई आहे. तिला एवढंच हवंय. चांगली जोडलीय ना आपण?"

खूप चांगली जोडली होती. जिगजिद खास बघायला आला होता. खटक्याला, बल्बला हात लावून बघितलं. परत जाताना जीपमध्ये म्हणाला, "म्हातारीनं करून दाखवलं रे. आता ही बंद पडणारच नाही." त्याच्या आवाजात कौतुक होतं.

नववर्ष जवळ आलं. आमच्याकडे या सणाला लहानांनी थोरांच्या घरी जायचं असतं. कितीही लांब असलं तरी जायचं. मावशीनं महिनाभर बूझ वळले. पिठाच्या पारीत मांसाचं सारण, चुण्या घालून बंद केलेले, थेट बाहेर बर्फात गोठवून पोत्यात भरलेले. मी म्हटलं, एवढे कोण खाणार? ती म्हणाली, "तुंगा येतेय. मुलंही. तिनंच सांगितलं, बघते म्हणून."

"बघते, की येते?"

"बघते." मग म्हणाली, "बघितलं की येतेच माणूस."

सणाच्या पहिल्या दिवशी मी माझ्या आईकडे होतो, शेजारच्या गावी. तिसऱ्या दिवशी सकाळी तुंगाचा मला फोन आला.

"मास्तर, आईचा फोन लागत नाहीये. कालपासून."

मी उठून उभा राहिलो. म्हातारी गोठली असेल, असं वाटलं. मग दुसरं वाटलं.

"तुम्ही निघाला आहात ना, ताई?"

"नाही हो. नाही जमलं. धाकट्याला ताप आहे, इकडे साथ आहे सगळीकडे. हे खाणीवर. मी तिला आधीच सांगितलं, पुढच्या वर्षी नक्की म्हणून. तुम्ही जवळ आहात. तुम्ही बघून या ना. तुम्ही आहात म्हणून तर मला काळजी नसते."

"फोन बंद पडला तर येईन, म्हणाला होतात तुम्ही."

"तेव्हा तुम्ही नव्हता," ती म्हणाली.

मी निघालो. खिंडीत बर्फ होता, जीप दोनदा रुतली. वर पोचलो तेव्हा खाली पाहिलं. गेरच्या धुराड्यातून धूर निघत होता. मी गाडीतच बसून राहिलो थोडा वेळ.

तळावर पोचलो. रिवाजाप्रमाणे ओरडलो, "कुत्रा धरा!" मावशी आधीच दारात आली होती. निळा रेशमी अंगरखा, चांदीची गुंडी, केस नीट विंचरलेले. मला असं कधी दिसली नव्हती. ती माझ्याकडे बघत नव्हती. जीपच्या मागच्या दाराकडे बघत होती. ते उघडेल म्हणून.

मी मागचं दार उघडलं नाही. मागे कुणी नव्हतं.

"तूच?" ती म्हणाली.

"मीच."

ती थोडा वेळ खिंडीकडे बघत उभी राहिली. मग बाजूला झाली, मला आत घेतलं.

आत सगळं मांडलेलं होतं. पोळ्यांचा उंच मनोरा, त्यावर पांढरी साय, खडीसाखर. मधोमध उकडलेलं मेंढीचं पुच्छ. चुलीवर पाणी उकळत होतं. दाराजवळ दोन्ही बॅटऱ्या शेजारी शेजारी. मी वाकून हात लावला. तरुण उबदार होती. म्हातारीची खूण हिरवी होती, पूर्ण भरलेली. फक्त फोनची तार काढलेली होती. तुटली नव्हती. खुंटीवर नीट गुंडाळून ठेवली होती, आणि टोकाला फडकं बांधलं होतं, ठिणगी उडू नये म्हणून.

मी वळलो. मग बाकीचं दिसलं. कपड्यांची पेटी दोरानं आवळून बांधलेली होती. पलंगावरची रजई गुंडाळलेली. दारामागे एक गाठोडं. ओसोरचा तो भोकांचा अंगरखा त्यात वर दिसत होता.

"मेंढ्या?" मी विचारलं.

"बातखुयागशी बोलून ठेवलं होतं. वसंत ऋतूपर्यंत तो बघणार होता. पुढचं तुंगा ठरवणार."

तीन महिने तिनं त्या फोनसाठी गालानं बॅटरी तपासली होती. या तळासाठी. आणि एक दिवस तिनं स्वतःच्या हातानं तार काढून खुंटीला गुंडाळली होती. तळ सोडायला तयार होऊन, सामान बांधून, रेशमी अंगरखा घालून ती दारात थांबली होती.

"तिनं तुला पाठवलं," मावशी म्हणाली. प्रश्न नव्हता.

"धाकट्याला ताप आहे. साथ आहे म्हणाली."

"शहाणी आहे. तापलेलं पोर टाकून खिंडीत गाडी घालायची? जवळचा माणूस पाठवला. मीही तेच केलं असतं." तिनं पाण्यावरचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. "हे डोक्यातच आलं नाही माझ्या. जवळ माणूस असला की ती येणार नाही, हे."



मग तिला सण आठवला. तिनं हात पुढे केले, तळवे खाली. मी माझे हात तिच्या कोपरांखाली धरले, लहानानं थोराचे धरायचे तसे. "सुखरूप आहात ना, मावशी?" मी विचारलं. "सुखरूप," ती म्हणाली. रिवाजात हात नुसते टेकवतात. तिनं सगळं ओझं सोडलं माझ्या हातांवर. ते फार नव्हतं. माझ्या गालाला नाक लावून तिनं वास घेतला आणि मागे सरली.

मग बूझ वाफवले. मी खाल्ले. ती वाढत राहिली, मी खात राहिलो. पोट भरल्यावरही खाल्ले.

"लाव आता ती तार," ती म्हणाली.

"मी?"

"मग कोण? मास्तर झालास, एक तार लावता येत नाही?"

मी फडकं सोडलं. तार लावली. फोनवरचा हिरवा ठिपका पेटला. तिनं नंबर फिरवला, स्वतः. तुंगानं लगेच उचलला असावा, कारण मावशीनं फोन कानापासून थोडा दूर धरला.

"अगं हो, हो. रडू नकोस. बॅटरी गेली होती. थंडी फार पडली ना, गोठली. मास्तरांनी केली दुरुस्त. नाही, नाही, आता नाही जाणार. पोराचा ताप किती आहे? मग कपाळावर गार फडकं ठेव, डोक्यावरून पांघरूण नको. कशाला येतेस? इथे सगळं चालू आहे. हो, वाजव तू सकाळी. दोनदा. कळतं मला."

तिनं फोन ठेवला. बाहेर मेंढ्या परत येत होत्या, त्यांचा आवाज येत होता. ती उठली नाही.

"आता तू जा," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर खिंड उतर."

मी टोपी घातली. दारातून वळून पाहिलं. निळ्या अंगरख्यातच ती पेटीपुढे बसली होती आणि दोराची गाठ सोडत होती. घट्ट आवळली होती तिनं, लांबच्या प्रवासासाठी. बोटांनी सुटेना. मी पुढे झालो तर तिनं हातानंच नको म्हटलं, आणि खाली वाकून गाठ दातांत धरली.